दोन हात आखूड

त्या वर्षी धरणात पाणी असं नव्हतंच. गाळावर जे काय उभं होतं त्यालाच पाणी म्हणायचं. तरी उन्हाळी पिकं जगावीत म्हणून आठ दिवस कालवा सोडायचं ठरलं. आठ म्हणजे आठ, नवव्या दिवशी थेंब नाही. कालवा वाहू लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बालकल्याण कार्यालयात एक फोटो येऊन थडकला.

फोटोत एक तीनेक वर्षांची पोरगी होती. विटका फ्रॉक, कपाळावर केसांच्या झिपऱ्या, कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक झाडाला. खाली वरच्या साहेबांचे शब्द : 'आपल्या हद्दीत हे काय चाललंय? संध्याकाळपर्यंत अहवाल.'

"संध्याकाळपर्यंत!" बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी मी माणसं मागितली, त्याचं उत्तर कोणत्या संध्याकाळी येणार आहे, तेही विचारा म्हणावं."

या बाई म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. प्रमुख म्हटलं की हाताखाली माणसं असावीत अशी आपली समजूत असते. मंजूर जागा पाच, त्यांतल्या तीन रिकाम्या. उरले दोन. एक कारकून, त्याला सगळे पाठीमागे 'नियमावली' म्हणत आणि त्याला ते ठाऊक होतं. दुसरे शिपाईमामा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. चालकाची जागाही रिकामी, म्हणून जीप तेच हाकत. सहा वर्षं बाई हा गाडा ओढत होत्या. पहिल्या वर्षी त्या रडल्या, दुसऱ्या वर्षी भांडल्या, आणि तिसऱ्यापासून नुसत्या चिडत होत्या. चिडचिड हा आता त्यांचा स्वभावच झाला होता, आणि रक्तदाबाची गोळी त्याच हिशेबाने पर्समध्ये असे.

नियमावलीनं तपासणीचा नमुना पुढे केला. 'बालकास बांधून ठेवले होते काय : होय / नाही. कोणी : आई / वडील / नातेवाईक / इतर.'

"मुद्देमाल ताब्यात घ्यावा लागेल," तो म्हणाला.

"कसला मुद्देमाल?"

"दोरी. पुरावा आहे तो."

कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं जीप तासभर हादरत गेली. एका बाजूला काठोकाठ तांबूस पाणी, दुसऱ्या बाजूला माना टाकलेला मका. पत्र्याचं एक खोपट, समोर झाड, झाडाखाली बाज, बाजेवर म्हातारी. आणि फोटोतली पोरगी. घरचे तिला भिंगरी म्हणत, आणि ते का हे बघताक्षणी कळत होतं. दोरीसकट ती झाडाभोवती गरागरा फिरत होती, दोरी संपली की उलटी फिरत होती.

बाईंना बघून ती थांबली. कालव्याकडे बोट करून म्हणाली, "माझं घर तिकडं."

"असं का? आणि हे कुणाचं?"

"हे आजीचं."

बाई हसल्या. दिवसभरात तेवढंच हसल्या.

भिंगरीची आई रानातून पळत आली. खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल, हाताची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. सरकारी जीप बघून तिनं आधी फावडं खाली ठेवलं, मग पदर सारखा केला.

"ही दोरी तू बांधलीस?"

"हो बाई."

"लाज नाही वाटत? गाय आहे का ती?"

"गाय पाण्यात नाही पडत बाई," ती म्हणाली. उद्धटपणे नव्हे, जे आहे ते सांगावं तसं. "वर्षभर पोरगी मोकळीच असते. हे आठ दिवसच बांधते. कालवा वर्षभर कोरडा, पोरगी त्यातच खेळते. पाणी आलं तरी तिला वाटतं, तिथंच जायचं. सांगून कळत नाही."

"मग तू घरी थांब."

"हेच आठ दिवस तर काम असतं. सहा जणांच्या रानात दारं धरते मी. वाफा भरला की एक बंद करायचं, दुसरं फोडायचं. क्षणभर मान वळवली तर बांध फुटतो. त्यांची भरून झाली की आठव्या दिवशी माझ्या मक्याला पाणी. एक दिवस चुकवला तर पाळी दुसऱ्याला."

"नवरा?"

"ट्रकवर. दोन महिन्यांनी येईल."

"पोरीला आत ठेव, कडी लाव."

"पत्रा बघा की हात लावून."

बाईंनी हात लावला आणि झटकन काढला. मग म्हातारीकडे बघितलं. म्हातारी म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? माझे गुडघे कधीच रजेवर गेलेत."

पोरीच्या कमरेला दोरी होती, पण दोरीखाली जुन्या साडीची मऊ घडी होती, आणि काचल्याची एक रेघ नव्हती. बाईंना हे दिसलं. दिसलं तरी मनावर घेतलं नाही, कारण डोक्यात संध्याकाळ होती.

"बाई, मोजून तरी बघा," आई म्हणाली. "दोरी उगाच कशीही नाही बांधलेली. इथनं..."

"मला मोजमाप नको! मूल बांधणं गुन्हा आहे. पुन्हा दिसलं तर पोरगी शहरातल्या बालगृहात जाईल आणि ती मलाच न्यावी लागेल. समजलं?"

आई पोरीकडे वळली. तिनं वाकून गाठ सोडली. ती गाठ सुटायला वेळ लागला.

"गावात पाळणाघराची इमारत आहे," बाई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "उद्यापासून पोरीला तिथं सोड. मी उघडायला लावते. माझा शब्द."

हमीपत्रावर आईचा अंगठा झाला. दोरीची वेटोळी करून शिपाईमामांनी ती जीपमध्ये टाकली. जीप वळली तेव्हा भिंगरी मोकळी होऊन आनंदानं टाळ्या पिटत होती आणि तिच्या आईनं तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

संध्याकाळच्या आत अहवाल गेला. साहेबांचा निरोप आला : 'उत्तम.'

पाळणाघराची गोष्ट अशी. इमारत दोन वर्षांपूर्वी झाली. भिंतींवर ससे आणि फुगे रंगवले. मग मागची निवडणूक आली, आणि जागा कोरडी आणि पक्की म्हणून कुणीतरी मतपेट्या तिथं ठेवल्या. दाराला कुलूप, कुलुपाला लाखेचं सील. निवडणूक झाली, निवडून आलेले खुर्चीत बसले, पेट्या मात्र सशांच्या सोबतीला राहिल्या. मागच्या तिमाहीत वरून विचारणा झाली : 'इमारत वापरात आहे काय?' बाईंनी चारदा 'नाही' लिहिलं आणि चारदा कागद परत आला. पाचव्यांदा वैतागून त्यांनी लिहिलं : 'वापरात आहे.' खोटं कुठं होतं? मतपेट्या वापरतच होत्या की! कागद झटक्यात मंजूर झाला आणि बाईंच्या डोक्याचा ताप गेला. तो कुठं गेला होता ते आता कळलं.

"सील तोडायला लेखी आदेश लागेल," तिसऱ्या दिवशी सकाळी निवडणूक शाखेतला माणूस फोनवर म्हणाला.

"कुणाचा?"

"वरचा."

वरच्या साहेबांचं म्हणणं वेगळं. "अहो, पाळणाघर वापरात आहे असं तुमचीच सही सांगते. मग उघडायचं काय? त्या बाईला सांगा तिथं मूल ठेवायला. सोय असून ठेवत नसेल तर तो हलगर्जीपणा. बालगृहाचा प्रस्ताव पाठवा."

बाईंनी फोन ठेवला आणि टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथंच ठेवला. फेकायला खिडकी चांगली होती, पण काच पुन्हा बसवायला कुणाचा आदेश लागला असता देव जाणे.

त्या सकाळी भिंगरीची आई मात्र दिलेल्या शब्दावर विसंबून कोस-दीड कोस चालत पाळणाघराला गेली होती. पोरगी कडेवर, फडक्यात भाकरी बांधलेली. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती कुलपासमोर पायरीवर बसून राहिली. बाई पोचल्या तेव्हा भिंगरी सील खरवडत होती.

"उघडतंय का बाई?"

 "दोन दिवस," त्या म्हणाल्या.

"दोन दिवसांनी कालव्याचे तीनच दिवस राहतील." ती उठली, पोरीला पुन्हा कडेवर घेतलं. "आज बांध फुटला असेल. काल ज्याचं रान भरायचं राहिलं तो बोलेल. बोलू दे." ती रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती नुसतीच चालायला लागली.

जीपमधून सोडू का, हे विचारायला बाईंना सुचलं तेव्हा ती वळणापलीकडे गेली होती.

चौथ्या दिवशी बाईंनी आपल्या अधिकारात जे होतं ते केलं. अधिकारात शिपाईमामा होते. त्यांना झाडाखाली बसवलं.

मामांनी आयुष्यात प्रथमच मनापासून नोकरी केली. त्यांनी भिंगरीला खांद्यावर घेऊन फिरवलं, पानांची पिपाणी करून दिली, म्हातारीशी गुडघ्यांवर सखोल चर्चा केली. भिंगरीची आई त्या दिवशी दोन रानं भरून आली. संध्याकाळी मामा परतले तेव्हा त्यांच्या टोपीत खडे होते.

"घर बांधायला दिलेत मला," ते म्हणाले. "तिचं एक घर आहे म्हणे कालव्यात. दगडांचं. पाणी आलं तेव्हापासून तिला ते दिसत नाही. सारखी विचारते, कधी दिसेल?"

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या फोनवर होत्या. कालव्यावर पाण्याच्या पाळ्या लावणारा एक पाटकरी होता. पहिला फोटो त्याचाच. मोटारसायकलवरून हिंडताना दिसेल ते टिपून वर पाठवायचं, हा त्याचा छंद. आज त्यानं झाडाखाली पिपाणी वाजवणाऱ्या मामांचा फोटो पाठवला होता.

"सरकारी शिपाई कामाच्या वेळेत झाडाखाली?" साहेब विचारत होते. "उद्या बालसुरक्षा सप्ताहाची बैठक आहे. गाडीसह हजर राहा. आणि हा प्रकार बंद."

"साहेब, ती पोरगी..."

"पोरीसाठी पाळणाघर आहे ना?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पाचव्या दिवशी गाडीसह हजर राहायचं म्हणजे मामाही गेले, कारण गाडी काही आपली आपण जात नाही. निघताना बाईंनी नियमावलीला विचारलं, "आजचा दिवस तू बसशील तिथं?"

"माझ्या कर्तव्यसूचीत नाही ते."

"माणूस म्हणून विचारतेय."

तो खरंच ओशाळला. "कार्यालय बंद ठेवता येत नाही, बाई. कुणी आलं तर?" गेल्या महिन्यात कोणी आलं नव्हतं, पण तो म्हणाला ते नियमात होतं.

बैठकीत सप्ताहाचा रंग कोणता असावा यावर तास गेला. पिवळा ठरला. मग पाळणाघरांचा आढावा निघाला आणि साहेबांनी बाईंच्या हद्दीचं कौतुक केलं. बाई उभ्या राहिल्या. "साहेब, तिथं मतपेट्या आहेत. मूल ठेवता येत नाही. 'वापरात आहे' हे मी लिहिलं, ती माझी चूक. पण कुलूप आज निघायला हवं. आज."

सभागृहात कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "बाई, सप्ताहाच्या तोंडावर नकारात्मक सूर नको." आणि चहा आला.

चहा तसाच ठेवून बाई बाहेर पडल्या. "मामा, कार्यालयात नको. कालव्यावर चला."

झाडाखालची बाज आडवी पडली होती. म्हातारी जमिनीवर होती, एक हात पोटाशी धरून. मनगट सुजून तट्ट फुगलं होतं. दुसऱ्या हातात तिच्याच लुगड्याचं टोक होतं, पीळ दिलेलं, रिकामं.

"बांधलं नव्हतं हो बाई," ती आधी हेच म्हणाली. "शपथ घेते, बांधलं नव्हतं. माझा पदर तिच्या मुठीत दिला होता, अन् वर मी हात धरला होता. एकदम हिसका दिला. मी पडले. हाका मारतेय केव्हाची, पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय..."

"भिंगरी कुठंय?"

म्हातारीनं हनुवटीनं कालवा दाखवला.

बाई धावल्या. बावन्न वर्षांचं शरीर, बैठकीची कडक साडी, एक चप्पल वाटेतच राहिली. काठावर गुरांना उतरायला फरशीच्या रुंद पायऱ्या होत्या. वर्षभर पोरं तिथूनच खाली खेळायला जात. त्यांतल्या पाण्याखालच्या एका पायरीवर भिंगरी उभी होती. पाणी छातीला लागलेलं. एका हातात काठावरच्या गवताचा झुबका, दुसरा हात पाण्यात, खाली काहीतरी चाचपडत. प्रवाहानं तिचा फ्रॉक पुढे ओढून फुगवला होता.

बाईंनी हाक मारली नाही. हाकेनं वळली असती तर गवत सुटलं असतं. त्या पायऱ्यांवर बसत, घसरत खाली उतरल्या. पाण्याची ओढ भलतीच होती. हे पाणी रोज जीपमधून बघूनही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मागून पोरीच्या काखेत हात घातले आणि तिला उचलून छातीशी आवळलं. गवताचा झुबका मुळासकट हातात आला.

"माझं घर नाही सापडत," भिंगरी रडवेलं तोंड करून म्हणाली. "मामाचे खडे लावायचेत."

बाई पायरीवरच बसल्या.  मग त्या मोठ्यानं रडल्या, पहिल्या वर्षी रडल्या होत्या तशा, आणि रडताना साहेबांना, पाटकऱ्याला, सशांना, मतपेट्यांना आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या घालत राहिल्या. भिंगरी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

भिंगरीची आई रानातून आली तेव्हा मामांनी म्हातारीचं मनगट फळकुटाला बांधून तिला बाजेवर टेकवलं होतं. आईनं सासूकडे बघितलं, ओल्या पोरीकडे बघितलं, ओल्या बाईंकडे बघितलं. पोरीच्या केसांवरून हात फिरवून पाहिला, कान, मान, पाठ, पाय. मग फावडं खाली ठेवलं.

"दोरी कुठंय?" तिनं विचारलं.

एवढंच. बाईंना वाटलं, हिनं थोबाडीत मारली असती तर सोसली असती.

म्हातारी जीपमध्ये बसेना, 'आधी दोरी आणा' म्हणाली, म्हणून बाई आधी कार्यालयात आल्या. दोरी कपाटात होती, सुतळीनं बांधून, वर चिठ्ठी : 'मुद्देमाल क्र. १.'

"ती देता येणार नाही," नियमावली म्हणाला. "वरचा आदेश..." मग त्यानं बाईंची साडी बघितली, एक अनवाणी पाय बघितला. तो थांबला. किल्ली टेबलावर ठेवून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. नियमात हे बसत नव्हतं. बाईंनी कपाट उघडलं आणि चिठ्ठी फाडून टाकली.

जाताना त्यांनी नमुन्याचा एक कोरा कागद घेतला, आणि म्हातारीला दवाखान्यात न्यायला एक उशी.

झाडाखाली परत येऊन दोरी उलगडली तेव्हा भिंगरीनं स्वतःहून पोट पुढे केलं. तिला सवय होती.

"आता दाखव," बाई आईला म्हणाल्या. "त्या दिवशी मोजून बघा म्हणालीस. मी बघितलं नाही. आता दाखव."

आईनं दोरीचं टोक धरलं आणि चालू लागली. "इथपर्यंत सावली फिरते, तिथं ती पोचली पाहिजे. हा माठ, हिचा हात पुरला पाहिजे. ही आजीची बाज. आणि इकडं..." ती कालव्याच्या बाजूला वळली. दोरी ताणली. "इथं संपते. काठ तिथं. दोन हात आखूड. पोरगी पालथी पडून हात लांब केला तरी काठाला लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात दीड हात सोडलं होतं. आता हिचे हात वाढलेत."

बाईंनी खाली बघितलं. गेल्या चार दिवसांच्या पाण्यानं काठाची माती वीतभर ढासळली होती.

"काठ आत आलाय," त्या म्हणाल्या.

"हो की." आईनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. "मग तुम्हीच मोजा."

बालकल्याणाच्या प्रमुख चिखलानं बरबटलेल्या साडीनिशी जमिनीवर पालथ्या पडल्या. भिंगरीला शेजारी पालथं पाडलं. तिला हा खेळ फार आवडला. तिचा हात कुठं पोचतो तिथं बाईंनी बोटानं रेघ मारली, रेघेपासून काठापर्यंत आपला हात कोपरापासून दोनदा ठेवला आणि वीतभर दोरी आत घेतली. मग झाडाला गाठ मारली.

आई पुढे आली. गाठ ओढून बघितली, सोडली आणि पुन्हा मारली. "तुमची सुटली असती," ती म्हणाली.

"सुटली असती," बाई म्हणाल्या.

रानाकडून कुणीतरी ओरडलं, पाणी आलंय. आईनं फावडं उचललं. "उद्या येणार तुम्ही?"

"आठव्या दिवसापर्यंत रोज येणार. मामा असले तर सोडू, नसले तर बांधू." एवढा शब्द देताना बाईंनी आधी दोनदा विचार केला.

आई रानात गेली. मामांनी म्हातारीला जीपमध्ये बसवलं. रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. पाटकरी होता, फोन वर धरून.

"काढ," बाई म्हणाल्या. "जवळ येऊन काढ. माझा चेहरा नीट येऊ दे."

त्यानं फोन खिशात घातला आणि निघून गेला.

बाई बाजेवर बसल्या. मांडीवर कागद घेतला. 'बालकास बांधून ठेवले होते काय :' पुढे 'होय'ला गोल केला. 'कोणी :' पुढचं 'आई' खोडलं. 'वडील' खोडलं. 'नातेवाईक' खोडलं. 'इतर'पुढे जागा जेमतेम बोटभर होती. तिथं त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं : कार्यालय प्रमुख, बालकल्याण. खाली सही केली.

"मामा, दवाखान्यातून येताना हे पाठवून द्या."

मामांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "बाई, हे वर जाईल."

"जाऊ दे. संध्याकाळपर्यंतच लागतो त्यांना."

जीप गेली. भिंगरी दोरी संपेपर्यंत धावत कालव्याकडे गेली, थांबली, आणि काठाकडे हात लांब करून बघितला. पोचला नाही.